अंगठा, सही आणि तोंडी हिशेब: म्हसवडच्या महिला बँकेच्या परवान्याचं प्रकरण

म्हसवडला रस्त्याच्या कडेला लोखंडी अवजारं घडवणारी एक बाई होती. तिचा भाता तिथंच आणि संसारही तिथंच. रोजच्या कमाईतले दहा रुपये बाजूला टाकायचे आणि पावसाळ्याच्या आत डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं. कर्ज नको होतं, अनुदान नको होतं. स्वतःचेच पैसे सुरक्षित राहावेत म्हणून तिला बँकेत खातं हवं होतं, आणि गावातल्या बँकेनं ते उघडायला नकार दिला.

बचत गटांच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण नेहमी इथूनच सुरू करते. माणदेशी महिला सहकारी बँकेची गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाकडून सांगितली जाते. संस्थापक चेतना गाला सिन्हा 2018 साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष होत्या, त्या वर्षी सगळ्याच्या सगळ्या सहअध्यक्ष स्त्रिया होत्या, वगैरे. ते खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण गटातल्या बाईला उद्या सकाळी काय करायचं हे त्यातून कळत नाही. तिला कळतो तो दहा रुपयांचा प्रश्न, आणि त्यापाठोपाठ आलेला परवान्याचा.

बँकेनं नकार का दिला, ते आधी पाहू. दहा रुपये भरायला बाई आली की कारकुनाला स्लिप घ्यावी लागते, खात्यात नोंद करावी लागते, पासबुक भरावं लागतं, संध्याकाळी रोकड जुळवावी लागते. दहा हजार भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठीही एवढंच काम. कामाचा खर्च सारखा आणि हाती येणारी ठेव हजारावा भाग. शाखेच्या चौकटीत व्यवस्थापकाचं उत्तर समजण्यासारखं होतं. चूक असेल तर ती चौकटीची. पैसेवाला आपल्या सवडीनं, आपल्या पायांनी बँकेत येईल असं धरून ती बेतलेली होती.

माण तालुका सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आहे आणि पूर्वेला माणगंगेचं बहुतेक काळ कोरडं पात्र. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, मुंबईला गेलेले पुरुष आणि मागे राहून शेरडंकरडं, मजुरी, रोजगार हमीची कामं सांभाळणाऱ्या बायका, असा हा भाग. इथं बाईच्या हातात पैसा येतो तो रोज, थोडाथोडा, आणि घरातल्या दहा वाटांनी जातोही रोज. एकरकमी ठेव ठेवायची ऐपत नसेल, पण रोजच्या रोज बाजूला काढायची सवय पक्की असते. भिशी चालते, धान्याच्या कणगीत चिल्लर लपते, लुगड्याच्या गाठीत नोटा राहतात. चेतनाताई मुळच्या मुंबईच्या. जयप्रकाशांच्या आंदोलनात तयार झालेल्या, लग्न करून ऐंशीच्या दशकात म्हसवडच्या शेतकरी घरात आलेल्या. बँकेनं त्या बाईला परत पाठवल्यावर त्या स्वतः जाऊन व्यवस्थापकाला भेटल्या. उत्तर बदललं नाही. मग बायकांचीच बँक काढायची असं ठरलं.

ठरवणं सोपं होतं. सहकारी बँकेला दोन दारं ओलांडावी लागतात. संस्था म्हणून नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली निबंधकाकडे, आणि बँक म्हणून परवाना रिझर्व्ह बँकेकडे. 1 मार्च 1966 पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांनाही लागू झाला, तेव्हापासून हे दुहेरी नियंत्रण आहे. नव्वदच्या दशकात एक फट मात्र उघडली होती. मराठे समितीच्या शिफारशींनंतर 1993 पासून रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांच्या परवान्यांचं धोरण सैल केलं आणि महिला बँका व मागास भाग यांना प्रवेशाच्या अटींत सवलत दिली. म्हणजे वेळ चांगली होती, कागदही तयार झाले. तरी अर्ज फेटाळला गेला. कारण असं की प्रवर्तक सभासद निरक्षर आहेत.

या कारणाला हसणं मला पटत नाही. प्रशिक्षणात लोक इथं लगेच अधिकाऱ्याला खलनायक करून मोकळे होतात, म्हणून मी मुद्दाम त्याची बाजू मांडते. बँक म्हणजे दुसऱ्याच्या ठेवी. संचालकाला कर्जप्रकरणं तपासावी लागतात, ताळेबंद समजावा लागतो, रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं पाळावी लागतात. ज्या बाईला कागद वाचता येत नाही तिच्या सहीवर दुसरंच कोणी बँक चालवेल, ही भीती खोटी नव्हती. आपल्याकडे बाईचं नाव आणि पुरुषाचा कारभार हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पंचायतींत बायकांना राखीव जागा देणाऱ्या 73व्या घटनादुरुस्तीनंतर गावोगावी बायका सरपंच झाल्या आणि त्यांच्या खुर्चीमागे 'सरपंचपती' उभे राहिले, ते याच काळात. शिवाय सैल झालेल्या धोरणाचं पुढे काय झालं तेही पाहायला हवं. 1993 नंतर आठशेहून अधिक नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने मिळाले आणि काही वर्षांतच त्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्शाची आर्थिक स्थिती डळमळीत निघाली. 2001 साली अहमदाबादची माधवपुरा ही सहकारी बँक बुडाली, तिच्या कारभाऱ्यांना लिहितावाचता येत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही.

त्या शेवटच्या वाक्यातच अधिकाऱ्याच्या कारणातली खोट दिसते. साक्षरता ही प्रामाणिकपणाची खूण नाही आणि हिशेबाचीही नाही. आणि ती अट जशीच्या तशी लावली तर कोण बाहेर पडतं? 1991च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता 52 टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे राज्यातल्या जवळपास निम्म्या बायका आपल्या पैशांची संस्था उभी करायला त्या एका अटीनं नालायक ठरत होत्या, आणि माणसारख्या भागातल्या प्रौढ बायकांत तर बहुतेक जणी. ज्यांना बँकेची गरज सगळ्यात जास्त, त्याच बाहेर.

नकार घेऊन चेतनाताई परतल्या तेव्हा त्या रडत होत्या, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. बायका वाट पाहत होत्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी विचारलं, मग रडायचं कशाला? आम्ही लिहायवाचायला शिकू आणि पुन्हा अर्ज करू.

या संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय मला हा वाटतो, आणि तो संस्थापकानं घेतलेला नाही. शिकलेल्या कार्यकर्तीपुढे त्या क्षणी सोपी वाट उघडी होती. प्रवर्तकांच्या यादीत चार शिक्षिका, दोन वकील बायका, एखाद्या साखर कारखान्याच्या संचालकाची पत्नी घालायची, की परवाना हातात. बँक झालीही असती, चांगली चाललीही असती कदाचित. पण अवजारं घडवणारी ती बाई मालकीण न राहता लाभार्थी झाली असती. समाजासाठी चालणाऱ्या किती तरी उद्योगांचा पाय इथंच घसरतो. काम गरिबांसाठी असतं, कागद शिकलेल्यांच्या नावावर असतात, आणि दहा वर्षांनी कोणालाच आठवत नाही की हे कोणी कोणासाठी सुरू केलं होतं.

वर्ग सुरू झाले. दिवसभर मजुरी करून, स्वयंपाकपाणी उरकून बायका रात्री पाटीवर अक्षरं गिरवायला बसू लागल्या. पाच महिने हे चाललं. मग दुसरा अर्ज. या वेळी चेतनाताई एकट्या गेल्या नाहीत, पंधरा बायका बरोबर गेल्या आणि बोलल्याही त्याच. आम्हाला लिहितावाचता येत नाही म्हणून तुम्ही परवाना नाकारला, पण आम्ही वाढत होतो तेव्हा गावात शाळाच नव्हती, त्याचा दोष आमचा नाही, असा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा जास्त धारदार. वाचता येत नसेल, मोजता येतं. कोणतीही मुद्दल सांगा, व्याज काढून दाखवतो. चुकलो तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कोणाचं आधी होतं.

परवाना मिळाला. 1997 साली बँक सुरू झाली.

हे आव्हान नाट्यमय आहे म्हणून सगळीकडे सांगितलं जातं, पण त्यातलं गणित कोणी उलगडून दाखवत नाही. ते उलगडल्याशिवाय बायका असं छातीठोक का बोलू शकल्या ते कळत नाही. शाळेत आपण 'दर साल दर शेकडा' शिकलो. गावचं व्याज वर्षावर चालत नाही, महिन्यावर चालतं. सावकार म्हणतो शेकडा तीन, म्हणजे शंभरामागे महिन्याला तीन रुपये. पंधराशे घेतले तर महिन्याला पंचेचाळीस, चार महिन्यांचे एकशे ऐंशी. बाई हे चालता चालता सांगते, कारण तिनं ते भरलेलं असतं. बँकेच्या भाषेत हा दर सालाचा छत्तीस टक्के. आठवडी बाजारातल्या भाजीवालीचं गणित याहून कठीण असतं. सकाळी नऊशे हातात, संध्याकाळी हजार परत. शंभर रुपये हे काही दहा टक्के होत नाहीत, नऊशेवर अकराच्या वर जातात आणि तेही एका दिवसात. टक्का हा शब्द न वापरता तिला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ती दुपारनंतर भाव पाडून माल संपवते. भिशीत आधी उचल घेणारीला किती सोडावं लागेल आणि शेवटी घेणारीला किती फायदा, हे ठरवताना बायका जे करतात ते पैशाच्या काळमूल्याचं, म्हणजे आजच्या रुपयाचं मोल उद्याच्या रुपयाहून जास्त याचं, गणितच आहे.

हे मी प्रशिक्षणात प्रत्यक्ष करून पाहते. पदवीधर कार्यकर्ते एका बाजूला, बाजारात बसणाऱ्या बायका दुसऱ्या बाजूला, आणि महिना-शेकड्याची पाच गणितं तोंडी. कार्यकर्ते फोनकडे हात नेतात तोवर समोरून उत्तर आलेलं असतं.

म्हणजे वर्ग फुकट गेले का? काही जण या गोष्टीचा अर्थ तसा लावतात, की बायकांना अक्षरांची गरजच नव्हती, हिशेब पुरेसा होता. मला ते पटत नाही. तोंडी हिशेब आपला व्यवहार सांभाळायला पुरतो. दुसऱ्यानं लिहून आणलेल्या कागदापासून स्वतःचा बचाव करायला तो पुरत नाही. कर्जरोख्यात आकड्यापुढे एक शून्य जास्त आहे का, सभेच्या इतिवृत्तात आपण न बोललेला ठराव घुसवला आहे का, हे वाचणाऱ्यालाच दिसतं. मुद्दा इतकाच की शिकायची तयारी बायकांनी आपणहून दाखवली आणि तरीही न शिकणं हा आमचा गुन्हा नव्हता, हे ठणकावून सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणं अवघड असतं. एक धरली तर माणूस लाचार होतो, दुसरी धरली तर हट्टी.

अहमदाबादला 1974 साली 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेची सेवा बँक उभी राहिली तेव्हाचा प्रसंग इथं शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. 'सेवा'च्या संस्थापक इला भट्ट यांच्याबरोबरच्या चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपये भांडवल घातलं होतं. तिथंही निरक्षर बायका बँक कशी चालवणार हाच प्रश्न निबंधकाकडून आला. प्रवर्तक बायकांनी रात्रभर बसून आपलं नाव लिहायचा सराव केला आणि दुसऱ्या दिवशी सह्या केल्या. पुढे खातेदार ओळखायची अडचण आली तेव्हा पासबुकावर बाईचा फोटो लावला गेला. वीसेक वर्षांच्या अंतरानं तोच प्रश्न म्हसवडच्या बायकांसमोर आला, याचं मला वाईट वाटतं. एकदा सिद्ध झालेली गोष्ट पुढच्या बायकांना पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. पण फरकही दिसतो. अहमदाबादेत बायकांनी अट पुरी केली, म्हसवडला अट पुरी करता करता अटीलाच प्रश्न विचारला.

सहकारी रचनेचा इथं मोठा आधार होता, तो नजरेआड होऊ नये. सहकारी संस्थेत सभासदाचे शेअर किती हे मतदानाला महत्त्वाचं नसतं, एक सभासद एक मत. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत जातो आणि लाभांशाला कायद्यानं 15 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे मोठा भांडवलदार आत येऊन संस्था ताब्यात घेईल किंवा नफा उचलून नेईल, याला कायद्यातच अडसर आहे. चांगल्या मनाची माणसं बदलतात, निवृत्त होतात. असा अडसर मागे राहतो. कंपनी काढून तिला सामाजिक नाव देणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा असं मी आग्रहानं सांगते.

परवान्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण तिथं जे घडलं त्याची चाल तीच आहे: अडचण खातेदार बाईनं सांगायची आणि बँकेनं आपली पद्धत बदलायची. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बायका येईनात. मग बँकेची माणसं दारी आणि बाजारात जाऊ लागली. दहा रुपयांच्या खात्याचा खर्च परवडत नाही हा जुना प्रश्न इथं वेगळ्या रीतीनं सुटतो, कारण एकाच फेरीत, एकाच बाजारात पन्नास-शंभर बायकांचे पैसे गोळा होतात. पुढची अडचण पासबुकाची. पासबुक घरी दिसलं की नवरा पैसे मागतो, म्हणून बायका ते घरी नेईनात, बँकेतच ठेवा म्हणू लागल्या. एखाद्या व्यवस्थापकानं याला अडाणीपणा म्हटलं असतं. इथं त्यातली भीती ओळखली गेली आणि पासबुकाशिवाय चालणारी व्यवस्था शोधायला सुरुवात झाली.

2012च्या दुष्काळात एक बाई दागिने गहाण ठेवायला आली, जनावरांना चारा घ्यायचा म्हणून. कर्ज देता आलं असतं, तारण पक्कं होतं. पण सोनं गहाण टाकून आणलेला चारा किती दिवस पुरणार आणि पाणी कुठून आणणार? त्या प्रश्नातून माणदेशी फाउंडेशन या बँकेहून वेगळ्या, चेतनाताईंच्याच संस्थेनं जनावरांची छावणी उभारली आणि ती दीर्घकाळ चालवली. हजारो जनावरं तिथं जगली. ठेवीदारांच्या पैशातून छावणी चालवता येत नाही आणि चालवूही नये, त्यासाठी वेगळी संस्था, वेगळा पैसा लागतो. आपल्या कितीतरी सहकारी संस्था या दोन खिशांची सरमिसळ करून बुडाल्या आहेत. गटातल्या बायकांना मी हा भाग दोनदा सांगते.

या प्रकरणातून सगळंच शिकता येईल असा माझा दावा नाही. दोन अडचणी मला अजून सतावतात. पहिली, चेतनाताई नसत्या तर त्या पंधरा बायका रिझर्व्ह बँकेच्या दारापर्यंत पोचल्या असत्या का? बहुधा नाही. अर्ज कुठं करायचा, कोणाला भेटायचं, साहेबाच्या केबिनबाहेर किती वेळ बसायचं, हे ठाऊक असणारं माणूस लागतंच. पहिल्या खेपेला ते माणूस बायकांच्या वतीनं बोललं, दुसऱ्या खेपेला त्यानं दार उघडून धरलं. असं वागणं त्या एका व्यक्तीच्या स्वभावावर न सोडता संस्थेच्या नियमात कसं बसवायचं, याचं पुरं उत्तर मला कुठल्याच संस्थेत सापडलेलं नाही.

दुसरी अडचण जास्त रोकडी आहे. 2004 साली रिझर्व्ह बँकेनं नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणं थांबवलं आणि पुढे अनेक वर्षं ते दार बंदच राहिलं. म्हणजे 2004 नंतर तशीच पंधरा बायका तेवढीच तयारी करून गेल्या असत्या, तरी त्यांची व्याजाची परीक्षा घ्यायला समोर कोणी बसलं नसतं. त्यांच्यासाठी उरले ते नाबार्डनं 1992 पासून बँकांशी जोडायला घेतलेले बचत गट, किंवा पतसंस्था. गटातून कर्ज मिळतं, एकजूटही होते, पण बँकेची मालकी मिळत नाही. कर्जाचे नियम दुसरीकडेच ठरतात. आमच्या भागातल्या एका गटाच्या अध्यक्षबाईंनी मला विचारलं होतं, "ताई, आमचेच पैसे आणि आम्हालाच अर्ज का करायचा?" मी तेव्हा कायदा समजावून सांगितला. प्रश्न कायद्याचा नव्हता, हे मला घरी परतताना एसटीत कळलं.

पासबुकाचं शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. यंत्रावर चालणारे व्यवहार आणायचे ठरले तेव्हा खात्याला आकड्यांचा गुप्त क्रमांक द्यावा असा प्रस्ताव होता. बायकांनी तो नाकारला. क्रमांक कोणीही चोरू शकतो, घरातलं माणूस तर दम देऊन विचारू शकतं. त्यांनी बोटाचा ठसा मागितला, कारण अंगठा कोणाला चोरून नेता येत नाही. ज्या अंगठ्यामुळे पहिला अर्ज परत आला होता, तोच आता यंत्रावर टेकवायचा होता. फरक इतकाच की या वेळी तो टेकवायचा की नाही, हे बायकांनी ठरवलं होतं.